सात नंबरची बाटली

ओकिनोसे, १६ जानेवारी १९७४

फुसाए आत्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला आठ महिने लागले. त्याबद्दल आधी मनसोक्त बोलून घे, मग पुढे वाच.

झालं? तर मी आता नोकरीत आहे, आणि नोकरी खरीखुरी आहे. माकुळं पकडायची बोट सोडली, कारण मी माकुळांपेक्षा जास्त वेळ कठड्यावर ओणवा असायचो. मग कोबेला भिंतींवर जाहिराती चिकटवल्या. मग एकाचं कपाट इथे पोचवायला आलो, ते जिन्यात अडकलं, आणि ते सोडवता सोडवता मीच इथे अडकलो. हे 'इथे' म्हणजे कुठे, ऐक. सुक्या मासळीच्या दुकानावरचा मजला, आणि दारावर पाटी: पूर्व किनारा रसायनज्ञ मंडळ. तुझ्याच पेशातल्या लोकांचं मंडळ, आत्या.

कामं म्हणजे चहा करणं, पाकिटं चिकटवणं, बाटल्या धुणं. कार्यवाह तोकुनागा-सान दिवसाला चाळीस शिक्के मारतात आणि प्रत्येक शिक्क्याआधी त्यावर हाः करून श्वास सोडतात. अध्यक्ष मोरिवाकी सेन्सेई सत्तरीचे आहेत. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी हे मंडळ काढलं. फार कमी बोलतात, पण मी चहा ठेवला की मान लववतात. माझ्यासमोर मान लववणारा हा जगातला पहिला माणूस.

सध्या इथे लगीनघाई आहे. तोकुनागा-सान म्हणतात, मार्चअखेर प्रांत सरकारचा निर्णय येणार. तो आला की एप्रिलपासून कारखान्यांच्या सांडपाण्याच्या अहवालावर फक्त मंडळाने मान्यता दिलेल्या माणसाचाच शिक्का चालेल. "एकोणीस वर्षं आम्हाला सगळे फार्मसीवाले समजत होते," असं ते रोज म्हणतात.

आणि काल डिग्री नसलेल्यांच्या परीक्षेच्या बाटल्या भरायचं काम मलाच दिलं. बारा उमेदवार, तेरा बाटल्या, एक राखीव. तपकिरी बाटलीतलं कॅडमियमचं द्रावण प्रत्येकीत दहा मिली घालायचं, वर खुणेपर्यंत डिस्टिल्ड पाणी. उमेदवारांनी आपापल्या प्रयोगशाळेत तपासून आकडा कळवायचा. सकाळी निम्मं काम झालं आणि खाली रताळीवाल्याची हाळी आली. गेलो. त्याचं बालपण होक्काइदोत गेलंय, एकदा अस्वल त्याच्या घराच्या अंगणातून कोबीचा गड्डा घेऊन गेलं होतं, अगदी बाईमाणसासारखं काखेत धरून. दीड तास गेला. वर येऊन उरलेलं उरकलं, बुचं लावली, लाख लावली.

मग पत्ते लिहायला यादी घेतली तर सातव्या नंबरवर फुसाए ओनुकी, हिनोकुची. मी खुर्चीत बसलेलोच होतो म्हणून बरं. तू मला सांगितलंसही नाहीस?

तुझा,
ताकुजी

हिनोकुची, २५ जानेवारी

ताकुजी,

नोकरी लागली, आनंद झाला. ती टिकव. कोबी चोरणाऱ्या अस्वलाबद्दल मी काही म्हणत नाही.

पहिली गोष्ट: मी तुझी आत्या आहे हे तिथे कोणाला सांगू नकोस. आडनाव वेगळं आहे, कोणाला कळणार नाही. माझा आकडा चुकला तर चुकू दे, पण भाचा आत होता असं कोणी म्हणायला नको.

तुला सांगितलं नाही, कारण नापास झाले असते तर कोणाला कळलं नसतं. आता सांगते. मी या मुलामा कारखान्यात सत्तावीस वर्षं पाणी तपासते. अहवाल माझा, शिक्का मात्र कायम साहेबाचा. मागच्या वर्षी कुझे नावाचा मुलगा आला, सव्वीस वर्षांचा, पदवीधर. चांगला मुलगा आहे, पण पिपेट उदबत्ती धरावी तसा धरतो. मान्यता मिळाली तर एप्रिलपासून शिक्का माझा असेल. नाही मिळाली तर त्याचा, आणि मी त्याची काचेची भांडी विसळेन. साहेबांनी हे मला स्पष्ट सांगितलंय, तेही केक खायला घालून.

माझी शिफारस होशिना-सानांनी केली होती, आमचे जुने मुख्य रसायनज्ञ. शरद ऋतूत ते गेले.

बाटली परवा मिळाली. ती मिळायच्या आदल्या दिवशी कारखान्यात फोन आला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज, नाव सांगितलं नाही. म्हणाले, "होशिना आता नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने बोलतोय. यंदाही पॉइंट चौऱ्याऐंशीच आहे. निवांत राहा." मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी फोन ठेवून दिला, निरोपही न घेता. मी बाटली पाहिलीही नव्हती, आणि तिच्यात काय आहे ते मला कोणीतरी सांगत होतं.

कानावर पडलं ते पुसता येत नाही. पण मी तपासणार ते माझ्या हाताने.

फुसाए

ओकिनोसे, ६ फेब्रुवारी

आत्या,

हे पत्र मी तीनदा फाडलं. अधिकृत पत्र तुला आठवड्याने येईल, त्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं असं वाटलं. आता वाटतंय, बरं कसलं.

काल परीक्षा समितीची बैठक होती. सात जण, नऊ कप चहा, कारण दोघांनी दोनदा घेतला. तोकुनागा-सान पाकीट फोडून आकडा वाचत होते आणि मी फळ्यावर लिहीत होतो. एक नंबर, पॉइंट ब्याऐंशी. दोन नंबर, पॉइंट चौऱ्याऐंशी. तीन, पॉइंट पंच्याऐंशी. सगळे एका माळेतले मणी. कोणीतरी म्हणालं, "यंदाची पोरं तयारीची आहेत." मला काय, मला फळ्यावर आकडे काढायला आवडत होतं. खडूही नवा होता.

मग सात नंबर. तोकुनागा-सान थांबले. कागद उलटून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून. मग वाचलं: "कॅडमियम आढळलं नाही."

खोलीत हसू पसरलं. फार मोठं नाही, रुमालात मावेल एवढं. मासळी-तेलाच्या कारखान्याचे एक गृहस्थ म्हणाले, "बाईंनी बाटलीच्या बाहेरून तपासलं वाटतं." दुसरे म्हणाले, "सत्तावीस वर्षं अनुभव लिहिलाय. सत्तावीस वर्षं हेच आढळलं नसेल." मी खडू हातात धरून उभा, आत्या. काय लिहू ते कळेना. शेवटी एक आडवी रेघ ओढली.

सेन्सेई एकटे हसले नाहीत. ते चष्मा पुसत होते. बैठक संपेपर्यंत पुसत होते.

उरलेल्या पाचांचेही आकडे पॉइंट एक्याऐंशी ते पॉइंट सत्त्याऐंशीच्या आत आले. अकरा उत्तीर्ण, एक अनुत्तीर्ण.

तुझ्याकडून असं कसं झालं? मी लहान असताना तू मीठ घातलेलं आणि न घातलेलं पाणी नुसतं हलवून ओळखायचीस. घाई झाली का? बरं नव्हतं का? पुढच्या वर्षी परत बसता येतं, मी नियम वाचलाय, कलम अकरा. खाली रताळीवाला परत आलाय, पण मी गेलो नाही. यावरून समजून घे.

ताकुजी

हिनोकुची, १४ फेब्रुवारी

ताकुजी,

पत्र मिळालं. अधिकृत पत्रही मिळालं.

तू विचारलंस असं कसं झालं. मलाही तेच विचारायचंय, पण विचारू कोणाला.

मी चार वेळा तपासलं. कॅडमियम असेल तर क्लोरोफॉर्मला गुलाबी रंग चढतो. कणभर असलं तरी चढतो, हे मी झोपेतही सांगेन. चारही वेळा रंग आला नाही. मला वाटलं रसायनं जुनी झाली, म्हणून नवी मागवली. तरी नाही. मग राहिलेल्या पाण्यात माझ्या हाताने मोजून कॅडमियम घातलं. तेवढंच परत मिळालं, केसभरही कमी नाही. म्हणून मी 'आढळलं नाही' असं लिहिलं. फोनवरचा आकडा माझ्या डोळ्यांपुढे होता, तरी.

पण अकरा जण, ताकुजी. अकरा वेगळ्या प्रयोगशाळा, अकरा वेगळे हात, आणि सगळे एका जागी आले. मग उरलं काय? ते काचेला चिकटून राहिलं असेल. बाटली उघडल्यावर आधी त्यात आम्ल घालायचं असतं, म्हणजे चिकटत नाही. मी घातलं का? वहीत लिहिलंय, घातलं. पण घातल्याचं आठवत नाही. हातांनी केलेलं डोक्याला आठवत नाही, हे माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं. त्या दिवसापासून मला प्रत्येक गोष्टीची शंका येते. काल घरी गॅस बंद केला का ते बघायला रस्त्यातून परत फिरले. बंद होता.

सोमवारी मी साहेबांना जाऊन सांगितलं की मला टेबलावरून काढा. मान्यता नाही म्हणून नव्हे. नदीच्या खालच्या अंगाला लोकांची भातशेती आहे. मला दिसत नसेल, तर मी 'नाही' लिहिलेल्या किती अहवालांत ते असेल?

मी कुझेला माझा पांढरा कोट देत होते. तो घेईना. म्हणाला, "मला मोठा होतो." मी म्हटलं, बाह्या दुमड.

फुसाए

ओकिनोसे, १९ फेब्रुवारी

आत्या,

बस आधी. बसलीस का? मी उभ्यानेच लिहितोय, बसवत नाही.

मार्चमध्ये प्रांताचा माणूस पाहणीला येणार म्हणून तोकुनागा-सानांनी मला कपाट साफ करायला लावलं. हेच ते जिन्यात अडकलेलं कपाट, त्याचा डावा पाय अजून हलतो. खालच्या कप्प्यात तपकिरी बाटली होती. कॅडमियमच्या द्रावणाची. सेन्सेई दर डिसेंबरात ते द्रावण बनवतात, बुचावरून कागदाची पट्टी चिकटवतात आणि निम्मा पट्टीवर, निम्मा काचेवर असा स्वतःचा लाल शिक्का मारतात. पट्टी फाडल्याशिवाय बूच निघत नाही.

आत्या, पट्टी शाबूत होती.

मी ती उजेडात नेली. शिक्का अखंड, तारीख यंदाच्या परीक्षेची, २० डिसेंबर. दुसरी बाटली असेल म्हणून अख्खं कपाट रिकामं केलं. दुसरी नाही. त्या दिवशी सकाळी मी तेरा बाटल्या धुऊन, पुसून, नंबर चिकटवून ठेवल्या, एवढंच ते 'निम्मं काम' होतं. मग अस्वलाची गोष्ट. मग वर आलो, द्रावण घालून झालंय असं धरून चाललो आणि सगळ्यांत वरपर्यंत पाणी भरलं. नुसतं पाणी. तेराही बाटल्यांत.

तुझ्या बाटलीत काही नव्हतं. कोणाच्याच नव्हतं. तू बरोबर होतीस. फक्त तूच.

आणि मग माझ्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली. पाण्यात अकरा जणांना पॉइंट चौऱ्याऐंशी मिळालं कुठून? मी जुनी बाडं काढली. एकोणीस वर्षं तेच द्रावण, तेच दहा मिली, तोच आकडा. "दर वर्षीची तुलना करता यावी म्हणून" असं पहिल्या वर्षीच्या इतिवृत्तात लिहिलंय. तुला आलेला तो फोन सगळ्यांनाच येत असणार. आणि ते बिचारे अगदी तोच आकडा लिहायचा नाही म्हणून एखाद-दोन इकडेतिकडे करत असणार. पॉइंट ब्याऐंशी. पॉइंट पंच्याऐंशी. मी कौतुकाने फळ्यावर काढत होतो.

तोकुनागा-सानांकडे गेलो. बाटली समोर ठेवली, सगळं सांगितलं. त्यांनी शिक्का खाली ठेवला. चेहरा कागदासारखा. म्हणाले, "कोणाला सांगितलंस?"

"कोणाला नाही."

"सांगू नकोस. दार लाव." मग म्हणाले, "त्या खणात ब्लेड आहे. पट्टी काप. एकशे तीस मिली मोरीत ओत."

मी म्हटलं, "मोरीत? ते विष आहे ना?"

त्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले, की आपण काय बोलून बसलो ते त्यांना त्याच क्षणी कळलं असावं. पण म्हणाले एवढंच, "एकोणीस वर्षं, ओगावा. एकोणीस वर्षं मी हे उभं केलं. एका रताळ्यापायी?"

मी ब्लेड घेतलं नाही. पट्टी अजून शाबूत आहे. सांग मी काय करू.

ताकुजी

हिनोकुची, २४ फेब्रुवारी

ताकुजी,

तू मनाने चांगला आहेस, हे मला तू एवढा होतास तेव्हापासून माहीत आहे. आजी गेली तेव्हा तू मला सांगितलं होतंस की ती बंदरात बोटीवर चढताना तुला दिसली, निळ्या छत्रीसह. तू नऊ वर्षांचा होतास, म्हणून मी काही बोलले नाही. आता तू तेवीस वर्षांचा आहेस.

माझं समाधान व्हावं म्हणून असं काही लिहू नकोस. बाटलीत काहीच नव्हतं आणि अकरा रसायनज्ञांना ते सापडलं, ही अस्वलाने कोबी नेल्याची गोष्ट झाली. एखादा खोटं लिहील. दोघं लिहितील. अकरा जण नाहीत रे. यातल्या तिघांना मी ओळखते. एकाच्या घरी मी मुलीच्या लग्नाला जेवले आहे.

एक माणूस चुकला हे सोपं आहे. सगळे खोटं बोलले हे अवघड. सोपं आधी तपासायचं असतं. सत्तावीस वर्षं मी कुझेसारख्या मुलांना हेच शिकवलं.

मी आता भांडी विसळते. तेही नीट करते. विषय संपव.

फुसाए

ओकिनोसे, २७ फेब्रुवारी

आत्या,

तुला पटणार नाही हे मला कळायला हवं होतं. आजन्म थापा मारल्या, आता खरं सांगायची वेळ आली तर जवळ पुरावा फक्त थापांचाच.

म्हणून गोष्ट सांगत नाही, वस्तू पाठवतो. रेल्वे पार्सलने पेटी येईल, भाताच्या तुसात दोन बाटल्या आहेत. एक तपकिरी, पट्टीसकट. पट्टीला हात लावू नकोस, नुसती बघ. दुसरी तेरा नंबरची, राखीव. तिला जानेवारीपासून कोणी उघडलेलं नाही, लाखेवर माझ्या अंगठ्याचा ठसा आहे, भाजलेला. ती तपास. तुझ्या हातावर विश्वास नसेल तर कुझेच्या हाताने तपास. उदबत्तीसारखा धरला तरी चालेल.

तोकुनागा-सान सकाळपासून कपाटात काहीतरी शोधतायत. विचारत नाहीत, मीही सांगत नाही. मी पाकिटं चिकटवतोय.

ताकुजी

ओकिनोसे, ९ मार्च

श्रीमती फुसाए ओनुकी यांस,

सप्रेम नमस्कार. थंडी ओसरत आली आहे. आपली प्रकृती उत्तम असेल, अशी आशा करतो.

आपण रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेली तपकिरी बाटली, तेरा नंबरच्या बाटलीत राहिलेलं पाणी, आणि आपण व श्री. कुझे यांनी वेगवेगळे काढलेले दोन अहवाल मिळाले. दोन्ही अहवालांत 'आढळलं नाही' असं आहे. बाटलीवरचा शिक्का माझा आहे. पट्टी फाटलेली नाही. श्री. ओगावा यांनी माझ्यासमोर सर्व कबूल केलं आहे. ते आपले भाचे आहेत हेही सांगितलं, आणि हे सांगितल्याबद्दल आपण रागवाल असंही.

आपल्याला सांगायला हवं ते पुढे लिहितो.

आपल्या पेटीतलं पाणी मी स्वतः तपासायला घेतलं. डिसेंबरातलं द्रावण सोडलं, तर अकरा वर्षांत मी काही तपासायला टेबलाशी उभा राहिलो नव्हतो. रंग आला नाही. दुसऱ्यांदा केलं, तरी नाही. तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला? की माझे हात गेले. मी वही उघडली, पेन उचललं, आणि पॉइंट लिहून आठचा आकडा काढला. शिक्का शाबूत असलेली बाटली त्याच टेबलावर होती. मला सगळं माहीत होतं. तरी माझ्या हाताने आठ काढला. ते पान मी फाडलेलं नाही.

दुसरं. जानेवारीत आपल्याला फोन केला तो मी. होशिना माझा वर्गमित्र. त्याने शिफारस केलेल्या माणसाला आकडा सांगणं हे त्याचं काम होतं, ते तो गेल्यावर माझ्याकडे आलं असं मी धरलं. पहिल्या वर्षी मी एका मित्राच्या मुलासाठी असाच फोन केला होता. तेव्हा ती एकट्याची सोय होती. पुढे ती रीत झाली, आणि रीत झाल्यावर कोणाला तिची लाज वाटेना.

म्हणजे बैठकीत आपला कागद वाचला गेला तेव्हा समितीत मी एकटा जाणत होतो की आपल्याला आकडा ठाऊक होता. ठाऊक असून आपण 'नाही' लिहिलंत. मी आपल्याला हटवादी समजलो. आपण बरोबर असाल हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. मी या मंडळाचा अध्यक्ष आहे.

काल मी प्रांत कार्यालयात जाऊन मंडळाचा अर्ज मागे घेतला. कारण लेखी दिलं. तिथल्या अधिकाऱ्याने ते दोनदा वाचलं आणि मला बसायला खुर्ची दिली.

अकरा मान्यता रद्द केल्या आहेत. सोबत आपलं प्रमाणपत्र आहे. क्रमांक २१४. या घडीला त्याला बाजारात काय किंमत आहे ते मी सांगू शकत नाही.

आपला,
सेइजी मोरिवाकी

हिनोकुची, १५ मार्च

ताकुजी,

मला तुझी क्षमा मागायची आहे. निळ्या छत्रीचं लिहायला नको होतं.

तेरा नंबर मी कुझेला दिला आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. त्याने केलं, पुसत पुसत, भीत भीत. मग म्हणाला, "ओनुकी-सान, मला काहीच दिसत नाही, माझं काय चुकलं?" ताकुजी, मी वळून पाहिलं. अगदी माझंच वाक्य. त्याने कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला. बाह्या अजून दुमडलेल्या होत्या.

साहेबांनी टेबल परत दिलं आहे. शिक्का कोणाचा, ते प्रांत ठरवील तेव्हा. तोवर अहवालावर साहेबांचाच.

प्रमाणपत्र मी परत पाठवत आहे. सेन्सेईंना दे आणि हे वाचून दाखव, कारण त्यांना लिहायला माझ्याकडे तेवढी चांगली भाषा नाही. बाटलीत काही नव्हतं तेव्हा मी 'नाही' म्हटलं. त्याने निम्मंच सिद्ध होतं. खिडकीतून बाहेर बघणारा माणूसही 'नाही' म्हणू शकतो. काही असेल तेव्हा किती आहे ते मला सांगता येतं का, हे कोणी तपासलेलंच नाही. त्या अकरांची परीक्षा परत घेणार असाल तर माझीही घ्या. प्रत्येक बाटलीत वेगळं घाला, काहींत घालू नका. मला कुठली आली ते मला कळू देऊ नका.

बाटल्या तूच भर. तुझ्याइतका आता कोणी सावध नसेल.

त्या अस्वलाचं पुढे काय झालं?

फुसाए

ओकिनोसे, २ एप्रिल

आत्या,

वाचून दाखवलं. सेन्सेईंनी मान लववली, पत्रासमोर.

प्रांताचा निर्णय वर्षभर पुढे गेला आहे. चौसष्ट सभासदांनी राजीनामे पाठवले. तोकुनागा-सान त्यांच्या पोचपावत्यांवर शिक्के मारतात, हाः करून. माझ्याशी बोलत नाहीत, पण परवा मी पिपेट हातात घेतला तेव्हा उठले आणि मासळीवाल्याच्या बाजूची खिडकी लावून घेतली. रताळीवाल्याची हाळी येऊ नये म्हणून.

सेन्सेई शेजारी बसून प्रत्येक बाटलीचा आकडा लिहून पाकिटात बंद करत होते. बारा बाटल्या, बारा वेगळी पाकिटं. तुझी नऊ नंबरची. अकरापैकी सात जण परत बसतायत, चार जणांनी उत्तरच दिलं नाही, त्यांच्या बाटल्या कपाटात आहेत.

अस्वल दुसऱ्या दिवशी परत आलं होतं. आदल्या दिवशीचा कोबी त्याने खाल्ला नव्हता, फाटकाशी ठेवला होता. रताळीवाला म्हणतो, आवडला नसेल. मला तसं वाटत नाही.

ताकुजी

हिनोकुची, ११ एप्रिल

ताकुजी,

नऊ नंबर मिळाला. लाख शाबूत होती. आम्ल घातलं, घातल्याचं आठवतंय. अहवाल सोबतच्या बंद पाकिटात आहे, तो सेन्सेईंना दे. तू विचारू नकोस, मी सांगणार नाही.

काल परत फोन आला. मला वाटलं सेन्सेई. ते नव्हते. त्या सातांतले एक होते, ज्यांच्या मुलीच्या लग्नाला मी जेवले ते. आकडा सांगायला नव्हता केला. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "ओनुकी-सान, तुम्हाला काय मिळालं?"

मी विचारलं, "तुमची बाटली कितवी?"

"चौथी."

"उघडलीत?"

मग म्हणाले, "सोळा वर्षं झाली मी स्वतः काही उघडून. हाताखालची मुलं करतात."

मी म्हटलं, आम्ल आधी घाला, आणि फोन ठेवला. मग परत उचलला, त्यांचा नंबर फिरवला, आणि किती घालायचं ते सांगितलं.

फुसाए